सूत्रातले अक्षर तिरके का?

पदार्थविज्ञानाचे एखादे चांगले छापलेले इंग्रजी पुस्तक उघडा आणि त्यातल्या एका सूत्राकडे नीट पाहा. वस्तुमानासाठी आलेले ‘एम’ हे अक्षर उजवीकडे झुकलेले दिसेल. त्याच उदाहरणात पुढे मीटरसाठी आलेले ‘एम’ मात्र ताठ उभे असेल. बल दाखवणारे ‘एफ’ पुष्कळदा झुकलेले असेल, शिवाय ते जाडही असेल. आणि पुस्तक वरच्या वर्गाचे, अभियांत्रिकीचे वगैरे असेल, तर क्वचित असेही एखादे अक्षर सापडेल, की जे झुकलेले आहे, जाड आहे आणि ज्याच्या दांड्यांच्या टोकांना नेहमीच्या बारीक आडव्या रेघाही नाहीत. या रेघांना सेरिफ म्हणतात. त्या नसलेल्या अक्षराला सॅन्स सेरिफ, म्हणजे बिनसेरिफ. (येथे मी रोमन अक्षरांची नुसती नावे देत आहे. ती वहीत लिहून पाहत लेख वाचलात तर अधिक बरे.)

ही सारी छापखान्याची हौस आहे, असा बहुतेकांचा समज असतो. विद्यार्थ्यांचा असतो, आणि शिक्षकांपैकीही पुष्कळांचा असतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. अक्षराचा कल, त्याची जाडी, त्याची टोके हा सूत्राच्या अर्थाचाच भाग आहे. मराठी माध्यमाच्या नोट्स, सरावाच्या प्रश्नपत्रिका आणि फळ्यावरचे लेखन यांत आपण तो सर्रास गाळतो, आणि त्याची किंमत परीक्षेत बसलेला मुलगा मोजतो.

एक उदाहरण देतो. मी कराडला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका सराव परीक्षेचे पेपर माझ्याकडे तपासायला आले होते. त्यात स्थितिज ऊर्जेचे एक साधे गणित होते. वस्तुमान २ किलोग्रॅम, उंची ३ मीटर, गुरुत्व त्वरण १० धरा. प्रश्नपत्रिकेत उंचीची ओळ अशी छापली होती : ‘एच’ बरोबर ३, आणि त्याला चिकटून ‘एम’. मध्ये जागा नाही, आणि सगळी अक्षरे सारखीच उभी. एका मुलीने वस्तुमानाची किंमत २ घेतली, ३ ने गुणली, उंची ६ काढली आणि उत्तर १२० जूल लिहिले. बरोबर उत्तर ६०. तिला शून्य गुण द्यायचे असा आदेश होता. पण तिचे काय चुकले? बीजगणितात ३ ला चिकटून आलेला ‘एम’ म्हणजे ‘एम’ची तिप्पट, हे आपणच तिला आठवीपासून शिकवले आहे. त्या कागदावर जे छापले होते, ते तिने अगदी बरोबर वाचले होते!

असे जोडीचे घोटाळे किती आहेत ते मोजून पाहा. ‘जी’ म्हणजे गुरुत्व त्वरण आणि ‘जी’ म्हणजे ग्रॅम. अग्निबाणातला अंतराळवीर ३ ‘जी’ सोसतो असे म्हणतात, तेव्हा त्याच्यावर तीन ग्रॅमचे ओझे पडलेले नसते. ‘एस’ म्हणजे विस्थापन आणि सेकंद. ‘डब्ल्यू’ म्हणजे कार्य आणि वॅट. ‘व्ही’ म्हणजे विभवांतर, आकारमान आणि व्होल्ट. ‘सी’, ‘ए’, ‘टी’, ‘एन’ यांचे जोडीदार तुम्हीच शोधा. रोमन लिपीत अक्षरे २६, लहान-मोठी धरून ५२. ग्रीकमधून उसनी घेतली तरी ती पुरत नाहीत. तेव्हा एकच अक्षर दोन कामांना लावावे लागते, आणि ते कोणत्या कामावर आहे हे त्याच्या उभे राहण्याच्या ढंगावरून सांगावे लागते.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियम केलेले आहेत. राशीचे चिन्ह तिरके आणि एककाचे चिन्ह सरळ छापावे, भोवतालचा मजकूर कोणत्याही टाइपात असला तरी, असे एसआय पद्धतीची अधिकृत पुस्तिका आणि आयएसओचे ८०००० क्रमांकाचे मानक दोन्ही सांगतात. अकरावीत तुम्ही मितींची सूत्रे लिहाल, तेथे वस्तुमान, लांबी आणि काळ यांच्या मितींसाठी ‘एम’, ‘एल’, ‘टी’ ही मोठी अक्षरे येतात. त्यांना नियम आणखी वेगळा : ती सरळ आणि बिनसेरिफ हवीत. म्हणजे पाहा, वस्तुमान हे तिरके ‘एम’, मीटर हे सरळ ‘एम’ आणि वस्तुमानाची मिती हे सरळ, मोठे, बिनसेरिफ ‘एम’. तीन ‘एम’, तीन वेश.

आता जाड अक्षराकडे वळू. सदिश राशीला परिमाणाबरोबर दिशाही असते. ती नुसत्या अक्षराने दाखवली तर अदिश राशीशी गल्लत होणार. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या विद्युतचुंबकत्वावरच्या ग्रंथात सदिशांसाठी जुन्या जर्मन वळणाची अक्षरे वापरली. ती इतकी नागमोडी, की वाचताना डोळे दुखावेत आणि फळ्यावर तर उतरूच नयेत. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाला हे मुळीच पसंत नव्हते. हा माणूस तारखात्यातून आलेला, विद्यापीठात कधी न शिकलेला. विषय कागदावर कसा मांडला जातो याची त्याला फार चाड होती. १८९३ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात त्याने छपाईच्या या प्रश्नाची मुद्दाम चर्चा केली आहे, आणि क्लॅरेंडन नावाचा साधा जाड टाइप वापरला आहे. छापखान्यात तो तयार असतो, डोळ्यांना स्वच्छ दिसतो आणि जवळच्या बारीक अक्षरापेक्षा लगेच वेगळा ओळखू येतो, हे त्याचे कारण. मॅक्सवेलची समीकरणे आज आपण ज्या आटोपशीर रूपात शिकतो ते रूप देण्यात हेविसाइडचा वाटा मोठा आहे. त्यात या जाड अक्षराचाही थोडा हात आहे, असे मला वाटते.

मग जाड, तिरके आणि शिवाय बिनसेरिफ असे अक्षर कशासाठी? ते टेन्सर नावाच्या राशींसाठी. हा शब्द आजच्या अर्थाने वोल्डेमार व्होइग्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ साली वापरला. टेन्सर म्हटले की पदवीचे विद्यार्थीही दचकतात, पण कल्पना आपल्या कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात समजायला कठीण जाऊ नये. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी कोयना वर अडवली आहे, ते धरण सुमारे १०३ मीटर उंचीचे आहे. त्या धरणाच्या पोटात एखादा बिंदू घ्या आणि विचारा, की येथे दर चौरस मीटरवर बल किती? प्रश्न अपुरा आहे. त्या बिंदूतून आडवा पृष्ठभाग कल्पिला तर वरच्या बांधकामाचे वजन दाबताना दिसेल. उभा कल्पिला तर पाण्याचा रेटा दिसेल. तिरपा कल्पिला तर एक भाग दुसऱ्यावरून सरकू पाहतो आहे असे दिसेल. म्हणजे दोन दिशा सांगाव्या लागतात, पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे ती आणि बल कोणत्या दिशेला आहे ती. तीन दिशा गुणिले तीन दिशा, अशा नऊ संख्या. त्यांपैकी सहाच खऱ्या वेगळ्या असतात. इंजिनिअर ज्याला स्ट्रेस म्हणतात तो हाच, आणि तो एक टेन्सर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तेव्हा धरणाला आडव्या भेगा पडल्या त्या मुख्यतः वरच्या भागात, मागच्या बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो त्या पातळीला. तेथे ताण एकवटला होता. पुढे धरणाला मागून टेकू देऊन ते मजबूत करण्यात आले. अशा हिशेबाच्या कागदावर बल हे सदिश आणि स्ट्रेस हा टेन्सर शेजारी शेजारी येतात. दोन्ही जाड, दोन्ही तिरके. एकाच्या टोकांना सेरिफ आहे, दुसऱ्याच्या नाही, एवढीच खूण. ती बारीक आहे खरी, पण धरणाचा हिशेब करणाऱ्याने ती ओळखली पाहिजे.

हे तिन्ही गुण एका अक्षरात आले ते वेगवेगळ्या वाटांनी. तिरका टाइप सर्वांत जुना. व्हेनिसच्या आल्डस मानुटियस या मुद्रकाने १५०१ साली व्हर्जिलच्या काव्याची खिशात मावेल अशी आवृत्ती काढली, तिच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने भराभर लिहिणाऱ्या कारकुनांच्या वळणावरून हा टाइप कोरला. गंमत अशी, की त्यात मोठी अक्षरे सरळच होती, झुकली होती ती लहान. बिनसेरिफ टाइप मात्र १८१६ सालचा, लंडनच्या कॅस्लन घराण्यातल्या चौथ्या विल्यमच्या नमुन्यांत प्रथम दिसतो. तो पुस्तकांपेक्षा जाहिरातींत आणि पाट्यांवर अधिक वाढला.

झुकवणे म्हणजे भूमितीच्या दृष्टीने काय? पत्त्यांची गड्डी टेबलावर ठेवा आणि बाजूने हलकेच ढकला. प्रत्येक पत्ता आपल्या उंचीच्या प्रमाणात सरकतो. गड्डीची उंची बदलत नाही आणि बाजूचे क्षेत्रफळही बदलत नाही. आयताचा समांतरभुज चौकोन होतो. अक्षराचे असेच होते. १२ अंशांचा कल दिला तर १० मिलिमीटर उंचीच्या अक्षराचा माथा सुमारे २.१ मिलिमीटर उजवीकडे जातो. आडव्या रेघा जशाच्या तशा राहतात. उभ्या दांड्या जाडीने सुमारे २ टक्के बारीक होतात. पण गोल अक्षराची दुर्दशा होते. ‘ओ’ लंबगोल होतो, आणि त्याची कड वर उजवीकडे व खाली डावीकडे सुमारे ११ टक्के जाड, तर उरलेल्या दोन कोपऱ्यांत सुमारे १० टक्के बारीक होते. बारीक टाइपात हे लक्षात येत नाही. ठळक टाइपात ते डोळ्यांत भरते. म्हणून चांगला टाइप आखणारा कलाकार नुसते ढकलून थांबत नाही, प्रत्येक वळण हाताने दुरुस्त करतो. संगणकावरचे तिरकेपणाचे बटण दाबल्यावर, त्या टाइपाचा खरा तिरका संच उपलब्ध नसेल, तर यंत्र फक्त गड्डी ढकलते.

येथेच देवनागरीचा प्रश्न येतो, आणि माझे मत येथे जरा कडक आहे. देवनागरीला झुकवू नये. रोमन शब्द तळरेषेवर सुट्या खांबांसारखा उभा असतो. सगळे खांब झुकले की कल चटकन दिसतो. आपला शब्द शिरोरेघेला टांगलेला असतो. शिरोरेघ आडवी, ती झुकत नाही; खालचा दंड मात्र झुकतो आणि काटकोनाचे ७८ अंश होतात. परिणाम गतीचा वाटत नाही, दाराची चौकट खिळखिळी झाल्यासारखा वाटतो. धातूच्या खिळ्यांच्या काळात हा मोह फारसा कोणाला झाला नसावा, कारण काना, मात्रा, जोडाक्षरे धरून देवनागरीचे शेकडो खिळे लागत, आणि त्यांचा दुसरा तिरका संच ओतणे कोणाला परवडणार? जोर द्यायचा असला की जुळारी काळा टाइप लावीत, किंवा अवतरणचिन्हे. ते पुरत असे, आजही पुरते.

आपल्याकडे भराभर लिहिण्याचे तिरके वळण नव्हते असे मात्र नाही. ते होते, आणि त्याला आपण मोडी म्हणत होतो. आधी शिरोरेघ आखून घ्यायची आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता, किंचित कललेली अक्षरे ओढत जायची. सातारच्या छत्रपतींचे दप्तर याच लिपीत आहे. ग्रिफोने जसे कारकुनी वळणाचे खिळे केले, तसे मोडीचेही झाले होते. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली श्रीरामपुरास छापला, त्यात मोडी टाइप आहे. पण युरोपात सरळ आणि तिरका हे दोन्ही टाइप एकाच पानावर नांदू लागले आणि त्यांनी कामे वाटून घेतली. आपल्याकडे बाळबोध छापखान्यात राहिली आणि मोडी दप्तरात. त्या दोघींनी एका पानावर कामे वाटून घेतली असती तर आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात राशींची चिन्हे मोडीत आली असती का, हा विचार मला कधीकधी करमणूक म्हणून सुचतो. देवनागरी अक्षरे चिन्हे म्हणून वापरणारांची अडचण त्यामुळे खरोखर सुटली असती. ‘व’ हे वेगाचे चिन्ह, की ‘आणि’ या अर्थाचा शब्द, हे सरळ छपाईत कसे कळावे? असो.

कराडच्या रस्त्यांवर हिंडलात तर जाड, तिरकी, बिनसेरिफ अक्षरे टेन्सरपेक्षा भलत्याच ठिकाणी भेटतील : मालमोटारींच्या कपाळावर, कुरिअरच्या गाड्यांवर, व्यायामशाळांच्या पाट्यांवर, खेळाच्या बुटांच्या दुकानांवर. झुकलेले अक्षर पळते आहे असे वाटते. का वाटते? धावणारा माणूस पुढे झुकतो हे एक कारण. दुसरे कारण कॅमेऱ्याने शिकवले. जाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी शर्यतीच्या मोटारीचे एक चित्र घेतले, त्यात चाक लंबगोल होऊन पुढे कललेले दिसते. त्या कॅमेऱ्याच्या पडद्यातली फट सरकत जाई. चित्राचा एक भाग आधी आणि दुसरा नंतर टिपला जाई. तेवढ्यात मोटार पुढे गेलेली असे.

हा प्रयोग तुम्ही एसटीच्या खिडकीतून करू शकता. मोबाइल आडवा धरा आणि रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांचे चित्र घ्या. मोबाइलचा कॅमेराही चित्र ओळीओळीने वाचतो. समजा, सगळ्या ओळी वाचायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो आणि गाडीचा वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर आहे. तेवढ्या वेळात गाडी ३० सेंटिमीटर जाईल. खांबाचा अडीच मीटरचा भाग चौकटीत असेल, तर तो सुमारे ७ अंशांनी झुकलेला दिसेल. आता मोबाइल तसाच आडवा ठेवून वरची बाजू खाली करा आणि पुन्हा चित्र घ्या. खांब उलट दिशेने झुकेल! (नव्या, जलद वाचणाऱ्या कॅमेऱ्यात कल कमी दिसेल, त्यावरून वाचनाचा वेळ काढता येतो.)

तेव्हा पाटीवरच्या तिरक्या अक्षराला माझी हरकत नाही, ते रोमन असेल तर. पण त्याच टेम्पोच्या बाजूला पत्ता आणि फोन नंबर तशाच जाड तिरक्या अक्षरांत भरून काढलेले दिसतात, तेव्हा काहीच उठून दिसत नाही. महामार्गावरच्या हिरव्या फलकांवर गावांची नावे सरळ असतात ती उगाच नव्हे. ते फलक वाचायचे असतात, पळवायचे नसतात.

आणखी एक नवे प्रकरण. गणिताच्या सोयीसाठी युनिकोड या संगणकीय अक्षरसंचात २००१ साली जाड, तिरक्या, बिनसेरिफ रोमन अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देण्यात आले, लहान-मोठी मिळून ५२, आणि शिवाय ग्रीक अक्षरे. तुमच्यापैकी काहीजण समाजमाध्यमांवर आपले नाव झोकदार दिसावे म्हणून जी अक्षरे उतरवून घेतात, ती पुष्कळदा हीच असतात. ती दिसतात अक्षरांसारखी, पण संगणकाच्या लेखी ती गणिती चिन्हे आहेत. तुमच्या एखाद्या अंध मित्राचा फोन ती वाचू लागला, की काही फोन प्रत्येक अक्षराआधी ‘गणिती, बिनसेरिफ, जाड, तिरके’ असे इंग्रजीत घोकतात, तर काही गप्पच बसतात. त्याला तुमचे नाव कळतच नाही.

शिक्षक मित्रांची तक्रार मला ठाऊक आहे. टायपिंग करणाऱ्याला कुठवर सांगायचे, आणि मुलांना आधीच इतके ओझे असताना हे आणखी कशाला? पहिल्याचे उत्तर असे, की प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने निदान दोन गोष्टींचा आग्रह धरावा : राशीचे चिन्ह तिरके, आणि संख्या व एकक यांच्यामध्ये जागा. तेवढ्याने त्या मुलीचे ६० जूल वाचले असते. दुसऱ्याचे उत्तर असे, की मुलांनी हे पाठ करायचे नाही, फक्त ओळखायचे आहे. आणि यावर गुण ठेवायला माझा विरोधच आहे.

राहता राहिला फळा. खडूने जाड-बारीक दाखवणे अवघड, म्हणून सदिशाच्या डोक्यावर बाण काढतात. त्याला दुसरी एक जुनी वाट आहे. मुद्रिते तपासणारे लोक अक्षराखाली एक सरळ रेघ ओढतात तेव्हा जुळाऱ्याला कळते की हे तिरके हवे; नागमोडी रेघ ओढली की जाड. वहीत मीटरचे आणि वस्तुमानाचे ‘एम’ शेजारी येत असतील तेथे वस्तुमानाखाली अशी एक रेघ ओढून पाहा, महिनाभरात सवय होईल. टेन्सरसाठी काहीजण खाली दोन रेघा ओढतात, पण ती पाळी इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी घेणाऱ्यांवरच येईल, आणि तीही काही वर्षांनी.